हत्तीण हवी, पाय कुणाला हवेत?

टोलनाक्यांशी भांडून झाल्यावर कोल्हापूरकरांनी 2025 च्या ऑगस्टात थेट मोबाईल कंपनीलाच हात घातला. नांदणीच्या मठातली हत्तीण महादेवी ऊर्फ माधुरी न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या 'वनतारा' या प्राणी केंद्रात गेली. वनतारा अंबानींचं, म्हणून जिओचं सिम पोर्ट करायची लाट आली. नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक पदयात्रा निघाली. माणसं रडली आणि मनापासून रडली. त्या रडण्याची मी टिंगल करणार नाही. लहानपणापासून जिच्या सोंडेत केळी दिली, तिला गाडीत चढताना बघणं सोपं नसतं.

फक्त एक झालं. सगळ्यांनी तिचे डोळे पाहिले, त्यातलं पाणी पाहिलं, त्याचे व्हिडिओ फिरवले. पाय बघायला फारसं कुणी खाली वाकलं नाही.

हत्तीचं तीन-चार टनांचं ओझं चार तळव्यांवर असतं. तळव्याच्या आत चरबीची गादी असते. मातीत चालताना ती दबते, सुटते, नखं आपोआप झिजतात. त्याच जनावराला कडक फरशीवर, साखळीला, स्वतःच्याच लघवीच्या ओलीत वर्षानुवर्षं उभं ठेवा. नखं वाढून तडकतात, तळवा कुजतो, मग सांधे धरतात. महादेवीच्या तपासणीत पाय कुजलेले, नखं वाढलेली आणि संधिवात, असंच निघालं. उच्च न्यायालयाने 16 जुलैला धार्मिक वापरापेक्षा तिच्या नीट जगण्याचा हक्क वरचा मानला, सर्वोच्च न्यायालयाने 28 जुलैला त्यावर शिक्का मारला. आपण मात्र भांडलो ते हत्तीण कुणाची यावर. सातबाऱ्यावर नाव कुणाचं हे ठरल्याशिवाय आपल्याला झोप लागते कुठे?

लोक खवळल्यावर मुख्यमंत्र्यांनी तातडीने बैठक घेतली, मठाबरोबर सरकारही न्यायालयात जाईल म्हणाले. 1992 पासून ती नांदणीत होती. एवढ्या वर्षांत तिच्या नखांवर एखादी बैठक झाल्याचं ऐकिवात नाही. नखांना मतदारसंघ नसतो.

दुसऱ्या बाजूलाही वाटतं की हत्ती गाडीतून उतरला, फळांच्या ढिगासमोर उभा राहिला, वर संगीत वाजलं, की सुटका झाली. खरं काम त्यानंतरचं. रोज कोमट औषधी पाण्यात पाय भिजवायचे, कानशीने नखं घासायची, जखम धुवायची. पाऊल आपण होऊन पुढे करायला शिकवायचं, तेही अंकुशाने नव्हे, केळ्याची लालूच दाखवून. आणि इतकं करूनही झिजलेला सांधा पुन्हा नवा होत नाही, दुखणं तेवढं हलकं होतं. हे जन्मभराचं काम आहे आणि त्याचं रील बघायला कुणी थांबत नाही.

पुढे वनतारानेच नमतं घेतलं आणि नांदणी परिसरात तिच्यासाठी केंद्र उभारायची तयारी दाखवली. त्यात काय काय असणार? डुंबायला तलाव, साखळीविना फिरायला मोकळी जागा, पायाखाली मऊ जमीन, अंग टेकायला वाळूचे ढिगारे. यादी वाचून मी थक्क झालो. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा नद्या असलेल्या नांदणीच्या शिरोळ तालुक्यात पाणी आणि वाळू या दोन गोष्टी सुचायला जामनगरहून माणूस यावा लागला! इतरांना वाळू बरोबर सापडते, तीही रात्रीच्या अंधारात.

आणि हत्तींवर जिल्ह्याचं एवढंच प्रेम असेल, तर चंदगड-आजऱ्याकडे चला. तिथे कर्नाटकातून जंगली हत्ती येतात, उसात शिरतात, आणि तिथला शेतकरी वनखात्याच्या दारात उभा राहून म्हणतो, हे कुठेही न्या, पण न्या. त्याच्यासाठी पदयात्रा निघालेली नाही. त्या हत्तींचे पाय मात्र ठणठणीत आहेत. एका रात्रीत किती एकर तुडवतात, पंचनामा करणाऱ्या तलाठ्याला विचारा.