शेळीची लस गाईला!

अहो वहिनी, ऐकलंत का? आत्याबाईंनी पुन्हा तोच सूर लावलाय, "शेळीची लस गाईला कशाला?" 2022 सालीही हेच हो! तेव्हा आठवतं ना, आधी जळगावकडून लंपीची बातमी आली, मग आपल्याकडच्या गोठ्यांत गाठीच गाठी. घोडेगावचा बाजार बंद, काष्टीचा बंद, लोणीचा बंद. माणसं तर दूध प्यायलाही बिचकायला लागली...

तर काय सांगत होते? हं, लस. डॉक्टर बाटली घेऊन आले, आणि आत्याबाईंच्या कॉलेजातल्या धाकट्यानं मोठ्यानं वाचलं, "गोट पॉक्स!" म्हणजे शेळ्यांची देवी! आत्याबाईंचा चेहरा असा उतरला म्हणता. "आमची एचएफ गाय तुम्हाला शेळी दिसते होय?" डॉक्टर आपले शांत. म्हणाले, "आत्या, अँटीबॉडीला ना गाय कळत ना शेळी. ती नुसती चाचपते."

खरंच हो! अँटीबॉडी म्हणजे रक्तातलं प्रोटीन, वाय अक्षराच्या आकाराचं. दोन्ही हातांच्या टोकांना खाचा. व्हायरसच्या अंगावरचा नेमका उंचवटा त्या खाचेत बसला, की धरलाच! नावगाव विचारायचं नाही. आमच्या आजेसासूबाई नव्हत्या का, नजर गेल्यावर नाकावरून बोट फिरवून पोर कुणाच्या घरातलं ते सांगायच्या? तसंच. आणि लंपी, शेळ्यांची देवी, मेंढ्यांची देवी, तिन्ही एकाच कॅप्रीपॉक्स घराण्यातल्या. नाकं सारखी! म्हणून शेळीच्या देवीवर शिकलेली अँटीबॉडी लंपीलाही धरते. खास लंपीची लस हिसारच्या शास्त्रज्ञांनी त्याच सालच्या ऑगस्टात जाहीर केली होती, पण ती गोठ्यापर्यंत यायला वेळ... तोवर ही चुलतबहीण कामाला आली.

मला वाटलं, मग काय, एका लशीत सगळंच भागेल. कसलं काय! लाळ्या-खुरकूत बघा. रोग एकच, तोंडातले फोडही तेच, पण व्हायरस आपल्याकडे तीन तऱ्हांचे: ओ, ए आणि एशिया-वन. सख्खे भाऊ, पण नाकं वेगळी. 'ओ'वर शिकलेली अँटीबॉडी 'ए' समोर आला तरी ओळख दाखवत नाही! म्हणून तिघांनाही एकाच बाटलीत कोंबतात, आणि दर सहा महिन्यांनी टोचायला येतात.

आणि खरी गंमत तर पुढेच... जरा इकडे सरका. डॉक्टर लस घेऊन आले त्या दिवशी आत्याबाईंची दुसरी गाय आदल्या रात्रीच व्यालेली. डॉक्टरांनी विचारलं, "वासराला चीक पाजला ना? गाईच्या वारेतून त्याला अँटीबॉडी मिळत नाहीत, सगळ्या चिकातच. त्याही पहिल्या काही तासांत. दिवस उलटला की आतडं त्या आत घेत नाही." सगळे गप्प. कारण डॉक्टरांच्या हातात खरवसाची वाटी! आणि आत्याबाई आत्ताच कौतुकानं सांगून बसलेल्या, "पहिल्या धारेचा आहे हं, म्हणून असा घट्ट!" अहो, चमचा तिथेच थांबला. सून पदर तोंडाशी धरून आत पळाली.

आता सुनेनं नियमच केलाय, पहिला चीक वासराचा, खरवस नंतरच्या चिकाचा. आत्याबाई कुरकुरतात, "पूर्वीसारखा घट्ट होत नाही बाई!" होईल कसा हो? त्याला घट्ट करणारं प्रोटीन म्हणजे बरंचसं त्या अँटीबॉडीच. त्या आता वासराच्या पोटात!