साम्राज्याची आखूड तलवार

१९७७ साली निघालेल्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळातील भूमिकाखेळात प्रत्येक ग्रहाच्या यंत्रविद्येची अंकांनी प्रतवारी केलेली असून, ० म्हणजे अश्मयुग आणि १५ म्हणजे खेळातल्या आंतरतारकीय साम्राज्याची परमावधी, असा तो बंदोबस्त आहे. आता पंधराव्या प्रतीची तोफ खांद्यावर घेतलेला एकच शिपाई भालाईतांच्या ग्रहावर उतरला, तर युद्ध चहा निवण्यापूर्वीच आटोपून खेळगडी घरोघर जातील, हे ओळखून खेळ चालवणारा चतुर सूत्रधार जी तजवीज करतो ती रणांगणावरची नव्हे, कचेरीतली असते : स्थानिक कायद्यान्वये शस्त्र जप्त, परवान्याचा अर्ज नामंजूर, सुटे भाग तीन सूर्यमालांपलीकडे! शिवाय जहाजात चकमक झडली, तर त्या वीरासाठी नियमपुस्तकात रीतसर दाखल केलेली आखूड तलवार आहेच. तारामंडळे ओलांडून आलेली मानवजात मग अरुंद बोळात, मोठ्या तन्मयतेने, वार चुकवीत बसते.