शून्याचे मानकरी

बेळगावात हॉकीत बॅक खेळलेला माणूस ओळखायला त्याच्या हातात स्टिक लागत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या दारात मधोमध उभा असतो तोच. पाय थोडे फाकलेले, भार चवड्यांवर. कुणी डावीकडून पंगतीत निसटू पाहिलं की हा आधीच डावीकडे. निपाणीच्या स्टँडवर कोल्हापूरची एस्टी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतात, हा दार अडवतो. स्वतःला सीट मिळत नाही, बायकोला मात्र हमखास मिळते.

असा एक मामा इथं गल्लोगल्ली सापडतो. उमेदीत हॉकी खेळला, स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत चिकटला, मस्टरवर कमी आणि मैदानावर जास्त दिसला, गुडघे बोलायला लागल्यावर खुर्चीत येऊन बसला. एवढ्या वर्षांत गोल किती? एकही नाही. विचारणाऱ्याची मामांना कीवच येते. "मारायला मी नव्हतोच की ओ. माझ्यामुळं किती झाले नाहीत, ते विचारा." त्याची नोंद मात्र कुठल्याच वहीत नाही, आणि मामांचं खरं दुखणं गुडघ्यात नसून तिथं आहे.

बेळगावचे बंडू पाटील 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघात होते. गावाला अभिमान, मामांनाही अभिमान. पण बंडू पाटील फॉरवर्ड! तिथं मामांचा घास अडकतो. अंतिम सामन्यात आपण पाकिस्तानला 1-0 ने हरवलं. "एक मोहिंदरलालनं मारला, ते सगळ्यांना पाठ. शून्य कुणी राखलं? गुरबक्ससिंगचं नाव घेतंय का कोण?" गोलकीपर शंकर लक्ष्मणला ते थोडं श्रेय देतात, तेही नाइलाजानं, चेंडू गोलकीपरपर्यंत पोचणं हीच मुळात बॅकची नामुष्की. पृथीपालसिंग फुलबॅक असून पेनल्टी कॉर्नरवर गोलांमागून गोल करायचा, हे ते घाईघाईत सांगून टाकतात, घराण्यात कुणी पळून जाऊन लग्न केल्यासारखं. नव्वदच्या दशकात हॉकीतून ऑफसाइडचा नियम गेला आणि मामांचा खेळावरचा विश्वासही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरचं त्यांचं मत आजूबाजूला कोण बसलंय ते बघूनच बाहेर पडतं. "एकीकरण समितीत सगळ्यांनाच सेंटर फॉरवर्ड व्हायचंय. मागं कोण थांबूलाय?" 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या दाव्याला ते एक्स्ट्रा टाइम म्हणतात. हे विश्लेषण मला तरी अग्रलेखांपेक्षा सरस वाटतं.

अशा मामांना टोरांटोच्या भाच्यानं फोनवर आइस हॉकी दाखवली. बर्फावर माणसं का पळतात, हे त्यांना आधी कळेना. मग त्यांनी बघितलं: गोठवलेल्या रबराची 6 औंसांची चकती सणसणत येते आणि बॅक तिच्यापुढं चक्क आडवा पडतो. असा अडवलेला प्रत्येक फटका त्याच्या नावावर मोजला जातो! शिवाय 1954 पासून नॉरिस नावाचा चषक दर मोसमात फक्त बचावपटूलाच. मामा खुर्चीत ताठ झाले. "बॅकला? वेगळा?" भाच्यानं मग बॉबी ऑरचं नाव काढलं, ओळीनं आठ वर्षं नॉरिस त्याचाच. मामांनी त्याला मनोमन बेळगावचं नागरिकत्व देऊन टाकलं. पण याच ऑरनं दोन मोसमांत फॉरवर्ड लोकांना मागं टाकून गुणांच्या यादीत पहिला नंबर काढला होता, हेही भाचा बोलून गेला.

"म्हणजे हापण पृथीपालच की," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मोजणीची कल्पना मात्र डोक्यात राहिली. मामांनी वही घातलीय. वर ठळक अक्षरांत 'अडवलेले'. मैदानातलं आता नीट आठवत नाही म्हणून सुरुवात घरापासून: मुलाची मोटारसायकल, शेजाऱ्यांचा वाढीव कट्टा, निपाणीच्या मेहुण्यानं तंबाखूत घालायला मागितलेले पैसे.

मामींनी वही वाचली. "यात माझ्या भावाचं नाव चार ठिकाणी कसं?"

"तो फॉरवर्ड आहे," मामा म्हणाले. "येतच राहतोय."