वाचकाचे व्यभिचारी भाव

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रती, शोक, उत्साह यांसारखे रसाला आधार देणारे स्थायी भाव आठ सांगितले असून, त्यांच्या आश्रयाने येऊन-जाऊन असणाऱ्या क्षणिक, म्हणजे व्यभिचारी, भावांची संख्या 33 दिली आहे. त्यांतील निर्वेद, चिंता, वितर्क, आलस्य आणि निद्रा हे पाच भाव पुढचे पुस्तक निवडणाऱ्या वाचकाच्या ठायी नेमक्या याच क्रमाने प्रकट होतात: हातातले पुस्तक संपल्यामुळे वैराग्य येते, आता काय वाचावे याची काळजी लागते, हे की ते असा ऊहापोह होतो, आणि शेवटी पुस्तकाऐवजी उशी निवडली जाते.

मनःस्थितीला साजेसे पुस्तक निवडण्याबाबत दोन पंथ आढळतात. पहिला समचिकित्सेचा, म्हणजे दुःखावर दुःखाचाच उतारा देणारा असून, त्याचे अनुयायी उदास संध्याकाळी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939) काढून आणखी उदास होतात व त्यातच त्यांना बरे वाटते. दुसरा विषमचिकित्सेचा पंथ अशा वेळी चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला बोलावतो. दोन्ही पंथांची अडचण एकच, की मनःस्थिती कपाट उघडेपर्यंत थांबत नाही; ‘रणांगण’ शोधताना हरवलेले वीजबिल सापडले, तर शोकाची जागा हर्ष घेतो, आणि बिलाची मुदत टळून गेल्याचे दिसताच त्या हर्षाचेही काही खरे नसते.

ग्रंथालयशास्त्राचाही येथे उपयोग नाही. वाचकाचा वेळ वाचवावा, असा नियम शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये घालून दिला खरा. परंतु ड्यूई दशांश पद्धतीत, म्हणजे ग्रंथांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, मराठी साहित्याला 891.46 हा क्रमांक असला, तरी श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतरच्या रविवार दुपारला कोणताही क्रमांक नाही. त्या दुपारी रसविचारापेक्षा वजनाचा विचार निर्णायक ठरतो: शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ पाठीवर पडून वाचणाऱ्याला वीररसाची प्रचीती आधी मनगटात येते, उलट बाबूराव अर्नाळकरांची चिमुकली रहस्यकथा एका हातात मावते आणि डुलकी लागून नाकावर पडली, तरी इजा करत नाही. चारचौघांत मात्र हाच वाचक आपण सध्या ‘कोसला’ पुन्हा वाचत असल्याचे सांगतो, आणि हा अवहित्था, म्हणजे खरा भाव लपवण्याचा भाव, भरतमुनींच्या यादीत आहेच.

या सगळ्यावरचा व्यवहार्य तोडगा का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून दिला, असे म्हणता येईल, कारण कथा, कविता, वैचारिक लेख आणि व्यंगचित्रे एकाच वेष्टनात आल्यास भाव कितीही पालटले, तरी जागचे उठावे लागत नाही. आजचा वाचक मात्र दिवाळी अंक हाती येताच प्रथम वार्षिक राशिभविष्य उघडतो. वर्षभर आपली मनःस्थिती कशी राहणार, हे कळल्याखेरीज वाचनाचे नियोजन करणे अशास्त्रीय ठरेल, असा त्यामागील विचार असावा.