वीस ते ऐंशीमधला माणूस

सामना बघायला येऊनही कोण जिंकतंय याची ज्याला काडीचीही पर्वा नाही, असा माणूस अमेरिकेत दिसला तर तो बेसबॉलचा स्काउट समजावा. शाळेच्या मैदानावर, होमप्लेटच्या जाळीमागे, उन्हाने तापलेल्या ॲल्युमिनियमच्या बाकावर तो ठाण मांडून बसतो. डोक्यावर हॅट, गळ्यात स्टॉपवॉच, एका हातात रडार गन, मांडीवर वही आणि गालात सूर्यफुलाच्या बिया. आजूबाजूचे आईबाप घसा फुटेस्तोवर ओरडत असतात. याला स्कोअर विचारा, तो मान वर करून फलकावरचा वाचून दाखवेल. तो आलेला असतो सतरा-अठरा वर्षांच्या एकाच पोरासाठी. ते पोर आउट होऊन बसलं की याच्यापुरता सामना थांबला.

त्या पोराचं भवितव्य तो आकड्यांत मांडतो. पट्टी मात्र २० ते ८०. शून्य ते शंभर का नाही, असं विचारलंत तर तुम्ही बाहेरचे आहात हे लगेच कळतं. ही पट्टी ब्रँच रिकींच्या नावावर सांगितली जाते. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनला ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळवून मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणारे ते हेच. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. ८० हा आकडा लिहिताना स्काउटचा हात कापतो. २० म्हणजे ‘बाळ, अभ्यासाकडे लक्ष दे’. हिटिंग, ताकद, धाव, फिल्डिंग आणि थ्रो या पाच गुणांना प्रत्येकी दोन आकडे द्यायचे : एक आजचा, एक पुढचा. आजचा आकडा कोणीही देईल. स्काउटला पगार मिळतो तो पुढच्या आकड्याचा.

जो दुसऱ्यांना मोजतो, त्याला त्याच्याच पट्टीवर मोजायला काय हरकत आहे?

पहिला गुण डोळा. स्काउट आधी शरीर बघतो, मग खेळ. पोरगा काडीपैलवान असला तरी तो नाउमेद होत नाही; तो पोराच्या बापाला शोधतो. बाप रुंद खांद्यांचा निघाला की ‘अजून वीस पाउंड सहज चढतील’ अशी नोंद होते. बापाचं पोट सुटलेलं दिसलं की वही मिटते. आपल्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला आलेली मुरब्बी आत्या मुलीपेक्षा तिच्या आईलाच जास्त न्याहाळते, त्यातलाच प्रकार. शिवाय ‘चेहरा चांगला आहे’ हाही शेरा असतो. मायकेल लुईस यांनी ‘मनीबॉल’ (२००३) या पुस्तकात या शेऱ्याची यथेच्छ फिरकी घेतली आहे. त्या पुस्तकाचा नायक बिली बीन याच्याकडे शरीर, चेहरा, सगळंच होतं. १९८० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, न्यूयॉर्क मेट्सनी त्याला २३ व्या क्रमांकावर उचललं. मेजर लीगमध्ये त्याची सरासरी भरली .२१९! पुढे ओकलंडचा जनरल मॅनेजर झाल्यावर त्याने अशा शेऱ्यांवर विश्वास ठेवणंच सोडलं. अनुभव घरचाच होता. उलट व्हेनेझुएलातला होझे आल्तुवे. उंची पाच फूट सहा इंच. ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या चाचणीतून त्याला ‘फारच बुटका’ म्हणून घरी पाठवलं. पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! अखेर १५,००० डॉलरवर सौदा झाला आणि २०१७ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डोळा : ४५.

दुसरा गुण कान. बक ओनील हे निग्रो लीगमधले खेळाडू, पुढे शिकागो कब्जचे नामांकित स्काउट. ते सांगत, की बॅटचा एक विशिष्ट आवाज त्यांनी तिघांच्याच हातून ऐकला : बेब रूथ, जॉश गिब्सन आणि बो जॅक्सन. असा कान ज्याला लाभला त्याला रडार गनची गरज नाही. पंचाईत एवढीच, की शाळेतली पोरं धातूच्या बॅटने खेळतात आणि तिच्यावर सगळेच चेंडू ‘टण्ण’ वाजतात. तरीही स्काउट डोळे मिटून ऐकतो आणि काहीतरी लिहितो. कान : ६०.

तिसरा गुण अंगठा. बॅटला चेंडू लागल्यापासून पहिल्या बेसपर्यंत ९० फूट. उजव्या हाताने खेळणाऱ्याने हे अंतर ४.३ सेकंदांत कापलं तर ५०, ४.२ मध्ये कापलं तर ६०. डावखुरा बेसच्या अधिक जवळ उभा असतो, म्हणून त्याच्यासाठी दशांश सेकंदाने कडक हिशेब. आता स्टॉपवॉच सुरू करताना अंगठा दशांश सेकंद उशिरा पडला, तर पोरगा फुकटात दहा गुणांनी वेगवान होतो. कित्येकांची नशिबं या अंगठ्याखाली आहेत आणि अंगठ्याचा मालक सकाळपासून दोनशे मैल गाडी हाकून आलेला असतो. अंगठा : ५०.

चौथा गुण अभिनय. पोरगा आवडला हे दुसऱ्या संघाच्या स्काउटला कळता कामा नये. म्हणून मनातून हरखलेला स्काउट जांभई देतो, फोन बघतो, सामना अर्ध्यावर टाकून गाडीकडे निघतो आणि झाडाआड उभा राहून उरलेला बघतो. त्याच झाडाआड आणखी दोघे आधीच उभे असतात. पिचरने पहिला चेंडू टाकला की एकजात सगळ्या रडार गन एकाच वेळी वर होतात, तेव्हा गुपित कसलं डोंबलाचं! अभिनय : ४०.

पाचवा गुण स्मरणशक्ती. माइक पियाझाला १९८८ साली ६२ व्या फेरीत, तेही डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लसोर्डा यांच्या शब्दाखातर घेतलं. तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये ४०२ वा निवडला गेला आणि ७०३ होमरन मारून निवृत्त झाला. माइक ट्राउट २००९ मध्ये पंचविसावा. आज कुठल्याही स्काउटला विचारा, ‘मी तेव्हाच लिहिलं होतं, ऑफिसने ऐकलं नाही!’ ब्रायन टेलर १९९१ चा पहिल्या क्रमांकाचा पिचर, यँकीजनी त्याला साडेपंधरा लाख डॉलर मोजले. मारामारीत खांदा गेला आणि तो मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. त्याचं नाव काढा, सगळे स्काउट नेमके त्या वर्षी दुसऱ्या राज्यात होते. स्मरणशक्ती : ८०.

आता यंत्रं आली आहेत. मेजर लीगच्या सर्व मैदानांवर २०१५ पासून स्टॅटकास्ट चेंडूचा वेग, बॅटवरून सुटतानाचा कोन, सगळं क्षणात सांगतं. पण नुसत्या यंत्राने काय होतं, हे आपण भारतीयांना ठाऊक असायला हवं. २००८ मध्ये भारतात वेगवान फेकीची स्पर्धा भरवून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले. पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं, पुढे हॉलिवूडचा सिनेमाही निघाला. मेजर लीगपर्यंत मात्र दोघांपैकी कोणीच पोहोचलं नाही. हात मोजता आला, खेळ मोजायचा राहिला. लागोपाठ तीनदा आउट झाल्यावर पोरगा हेल्मेट ठेवतो की आपटतो आणि पाणी द्यायला आलेल्या आईशी कसा बोलतो, हे टिपायला अजून तोच हॅटवाला लागतो.

पाच आकड्यांची सरासरी ५५ येते. पण स्काउट सरासरी काढत नाही, मनाला पटेल तो आकडा लिहितो. म्हणून मी लिहितो ५०. आणि यात त्याचा अपमान समजू नये : या पट्टीवर ५० मिळवणारा मेजर लीगमध्ये खेळतो, आणि सतरा वर्षांच्या पोराचा पुढचा आकडा दरवेळी बरोबर सांगणारा माणूस अजून कुठल्याच देशात जन्मलेला नाही.