जड आहे, हलतंय कुठं?

लोखंड बांधावं लागतं, हा एक परदेशी गैरसमज आहे. दोर लागतो कापसाला, कडब्याला, वाऱ्यावर उडणाऱ्या किरकोळ मालाला. वीस टन सळई कशाला उडेल? कळंबोलीच्या लोखंड बाजारात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "जड आहे साहेब, हलतंय कुठं?"

या सिद्धान्तावर आपली पोलाद-वाहतूक निवांत पहुडली आहे. तो खोटा आहे, एवढीच त्याची अडचण. मालाला जागेवर धरतं ते घर्षण. ते वजनाबरोबर वाढतं हे खरं. पण ब्रेक दाबल्यावर माल पुढे रेटणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे हिशेबातून वजन दोन्हीकडून कटतं. लोखंडी पत्र्यावर ठेवलेली मूठभर वजनाची चकती आणि वीस टनांचा ठोकळा, घसरायला दोघांना सारखाच ब्रेक पुरतो. लोखंडावरच्या लोखंडाची पकड वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास; तेलाचा हात लागलेला असेल तर तेवढीही नाही. युरोप-अमेरिकेतले नियम सांगतात की पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर सोसेल अशी व्यवस्था हवी. २० टनांना १६ टन. त्यातले चार घर्षण सांभाळेल. उरलेले बारा? ते आपल्याकडे केबिनचा मागचा पत्रा सांभाळतो. पत्रा कमी पडला तर त्याला टेकून ड्रायव्हर बसलेलाच असतो.

बांधणीचा सोहळा मात्र बघण्यासारखा. क्रेनवाला भारा उतरवतो. खाली चार लाकडी गुटके, त्यातला एक चिरलेला. क्लीनर निळा प्लास्टिकचा दोर या हुकातून त्या हुकात फिरवतो. सळईच्या कडेवर दोर कापू नये म्हणून मध्ये जुन्या टायरचा तुकडा घालायची रीत आहे. तो तुकडा मागच्या खेपेला कुठंतरी पडला. शेवटी ड्रायव्हर येतो आणि भाऱ्याला चपलेसकट एक लाथ घालतो. भारा हलत नाही. तपासणी संपली. लाथेला न हलणारा माल खंडाळ्याच्या उतारावर काय हलणार! डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेल्या गाडीत या तर्काची खरी परीक्षा होते.

साखळ्या, त्या आवळायचे टर्नबकल, पत्र्याची कॉइल गडगडू नये म्हणून खाचेची बैठक, सगळं बाजारात मिळतं. नुसती योग्य रबराची चटई खाली अंथरली तरी पकड तिपटीच्या घरात जाते. पण चटई आणायची कुणी? कारखानदार म्हणतो, फाटकाबाहेर गाडी गेली की आमचा संबंध संपला. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, या भाड्यात दोर देतोय हेच पुष्कळ. घेणारा म्हणतो, आमचा दर माल पोच आहे. वाराईची पावती फाटते, वजनकाट्याची फाटते, बिल्टीच्या प्रती निघतात. साखळीला कुठल्याच कागदावर रकाना नाही.

राहिलं लाल फडकं. १२ मीटरची सळई आखूड ट्रकमध्ये कोंबली की फाळका उघडा ठेवावा लागतो आणि मागे पुरुषभर लांबीचे भाले लोंबतात. माल असा मागे काढायची सवलत केंद्र सरकारने २०१४ साली काढून घेतली. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने त्याला २० हजारांचा दंड लावला, वर माल उतरवण्याचा खर्च वेगळा. फडक्याला यातलं काही कळवलेलं दिसत नाही, ते अजून कामावर आहे. दिवसा धुळीने मातकट, रात्री काळं. मोटरसायकलवाल्याने ते अंधारात ओळखायचं आणि अंतर राखायचं. नाही ओळखलं तर चूक त्याचीच, कारण फडकं तर होतं!

त्याच कायद्यात गाडी चालवणाऱ्याबरोबर ती तशी चालवू देणाराही दोषी धरला आहे. हे शब्द बहुधा फारच बारीक टायपात छापले असावेत. कारण घाटात कॉइल सुटली की गुन्हा ड्रायव्हरवर नोंदतात, तो वाचला असेल तर. पेपरात 'चालकाचा ताबा सुटल्याने' एवढं येतं. तोवर क्रेनने कॉइल दुसऱ्या गाडीवर चढवलेली असते, निळ्या दोराने बांधलेली असते, आणि फोनवर घासाघीस सुरू असते: कडा जरा चेपल्यात शेठ, टनामागे काहीतरी कमी करा की.