दोन ऊन दे, गुरजी

शाळा उघडायच्या आधी आम्हाला आमचूर उचलावं लागतं. धडगावच्या डोंगरात सपाट जागा शोधून सापडत नाही, आणि सपाट, वर सिमेंटची, अशी जागा आमच्या पाड्यात एकच आहे: जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा. मे लागला की मी घरी शहाद्याकडे, म्हणजे डोंगरातल्या माणसांच्या भाषेत 'खाली' जातो, आणि व्हरांड्याचा ताबा कैरीच्या फोडी घेतात. जूनमध्ये परत येतो तेव्हा कुलपाला हात लावायच्या आधीच दात आंबतात. पहिलीच्या वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत पांढऱ्या फोडी पसरलेल्या, आणि कोंबड्या हाकायला काठी घेऊन बसलेली एक आजी. ती काठी जराशी माझ्याकडेही वळवून म्हणते, "दोन ऊन दे, गुरजी."

दोन दिवस कडक ऊन मिळालं तर फोड पांढरी राहते आणि भाव मिळतो. पावसात सापडली की काळी पडते, मग व्यापारी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. आजी ऊन अशा थाटात मागते, जणू मी ते कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली आहे.

माझ्या खिशात असतं ते परिपत्रक. नवागतांचं स्वागत उत्साहात करावं, असा त्यात हुकूम असतो. सडा-रांगोळी घालावी, आंब्याच्या पानांचं तोरण बांधावं, गुलाबपुष्प द्यावं, सजवलेल्या बैलगाडीतून मिरवणूक काढावी, पाठ्यपुस्तकं पहिल्याच दिवशी हाती द्यावीत, पोषण आहारात गोड पदार्थ ठेवावा, आणि या सगळ्याचे फोटो त्याच दिवशी पाठवावेत. यातलं आंब्याचं पान आमच्याकडे मुबलक. बाकी आनंद आहे. बाजारात गुलाब मिळतो तो प्लास्टिकचा. बैल आहेत, पण मृगात ते नांगराला जुंपलेले असतात. आणि ज्या वाटेने शेळीसुद्धा जपून उतरते तिथून बैलगाडी न्यायची म्हटली तर आधी बैलांचीच पालक सभा घ्यावी लागेल.

उत्साह मात्र शंभर टक्के अस्सल असतो. त्याचं कारण पट. पट घसरला की शिक्षकाचं पद हलतं, त्यामुळे पहिलीत येणारं प्रत्येक पोर आम्हाला दिसतं त्याहून मोठं दिसतं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मी डोंगरावर घरोघर फिरतो. इथे घराला घर लागून नसतं. ज्याचं शेत त्याचं टेकाड, आणि टेकाडावर त्याचं घर. एका घरून दुसऱ्या घरी जायचं म्हणजे एक नाला उतरायचा आणि चढायचा. चढून वर जावं तर अंगणात खाटेवर आश्रमशाळेचे सर आधीच पाणी पीत बसलेले. त्यांच्याकडे राहणं-जेवण फुकट, वर गादी. तोवर तिसरे कोणीतरी आदिवासी विकास विभागाच्या 'नामांकित' शाळांच्या योजनेचा कागद घेऊन येतात. त्यांच्याकडे तर इंग्रजी, टाय आणि बूट. उपवर मुलाच्या बापाला येत नाही एवढा भाव या दिवसांत पहिलीतल्या पोराच्या बापाला असतो. तो तिघांचंही शांतपणे ऐकून घेतो, तिघांनाही "बरं" म्हणतो आणि वखर दुरुस्त करायला निघून जातो. नवरदेव तेव्हा आंब्यावर असतो.

पोर एकदाचं ठरलं की प्रश्न येतो जन्मतारखेचा. आता दवाखान्यात बाळंतपणं वाढली, दाखले मिळू लागले, तरी एखाद्या घरी अजून विचारावं लागतं, "कधी जन्मला?" "होळीनंतर." "कोणत्या होळीनंतर?" "मोठ्या." आमच्याकडे काठी गावची राजवाडी होळी हे कॅलेंडरचं पहिलं पान, त्याच्या आधी किंवा नंतर, महू पडत होता की संपला होता, एवढ्यावर माणसाचं वय बरोबर निघतं. पूर्वीच्या गुरुजींनी या भानगडीवर एकच रामबाण तोडगा काढला होता. डोक्यावरून हात टाकून पोराच्या बोटांना पलीकडचा कान लागला, की सहा वर्षं पूर्ण. लिहा १ जून. त्यामुळे आख्ख्या महाराष्ट्रात एक पिढीच्या पिढी १ जूनला जन्मली. तीही ओळीने, हजेरीपटाच्या क्रमाने. मी त्यातलाच. १ जूनला आमच्या तालुक्याच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतके केक येतात की पुढे दोन दिवस कामाचा निरोप सापडत नाही. हीच मंडळी मग ३१ मेला घाऊक निवृत्त होतात. म्हणजे मे संपताना शाल-श्रीफळ देऊन ज्यांना निरोप द्यायचा आणि जूनच्या मध्यावर फूल देऊन ज्यांचं स्वागत करायचं, त्या दोघांचीही जन्मतारीख एकच असण्याचा काळ फार जुना नाही. आमच्या नंदुरबार जिल्ह्याची स्वतःची तारीख मात्र खरी आहे: १ जुलै १९९८, धुळ्यातून वेगळा झाला तो दिवस. एका महिन्याने वाचला.

आता कान लागून भागत नाही, आधार लागतं. आधारच्या बाबतीत नंदुरबार जिल्ह्याने कोणाचं ऐकून घ्यायचं कारण नाही. देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली ती आमच्याच शहादा तालुक्यात, टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० रोजी. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. देशाला आधार देऊन आम्ही जे मोकळे झालो, ते आजही पोराच्या अंगठ्याचा ठसा उमटावा म्हणून मशीन पुसत बसलो आहोत. ठसा उमटला तर नाव जुळत नाही. नाव जुळलं तर साल जुळत नाही. सगळं जुळलं की रेंज जाते.

शाळा उघडायच्या आधी शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो. 'पहिले पाऊल' नावाचं हे अभियान चांगलं आहे, हे मी मनापासून सांगतो. गावातल्या आया येतात, टेबलं मांडलेली असतात, पोरगं एकेका टेबलावर जातं आणि त्याची शारीरिक, बौद्धिक, भाषिक तयारी किती झाली ते कार्डावर लिहितात. फक्त हे कार्ड कोणत्या पोराला डोळ्यांसमोर ठेवून छापलं असेल, असा विचार मनात येतो. जमिनीवर ओढलेल्या रेघेवरून तोल सांभाळत चालून दाखव, असं मी एकाला म्हटलं. तो नाल्यावर आडव्या पडलेल्या खोडावरून, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन शाळेपर्यंत आला होता. त्याने रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रेघेवरून न चालता तिच्या बाजूने चालत गेला. बहुधा मला ती अडचण वाटत असावी, असा त्याचा समज झाला. सामाजिक-भावनिक विकासाच्या टेबलावर बाईंनी एका मुलीला विचारलं, "आई-बाबा घरी नसले तर तू काय करतेस?" तिने बोटं मोजत सांगितलं: भावाला घेते, कोंबड्या कोंडते, भाकर टाकते. बाईंनी 'मदतीची गरज आहे' आणि 'स्वतः करू शकते' या दोन चौकटींकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. तिसरी चौकट नव्हती.

हे सगळं संभाषण इथल्या पावरी बोलीत. माझी पावरी कामचलाऊ आहे, घरी अहिराणी, पुस्तकात प्रमाण मराठी. २०२५ सालची शाळा १६ जूनला उघडली, कारण पंधरा तारखेला रविवार होता. आणि दुसऱ्याच दिवशी, १७ जूनला, पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्याचा सुधारित शासन निर्णय आला. मुंबईत रान पेटलं, २९ जूनला तो रद्दही झाला. आमच्या डोंगरावर ही बातमी पोचली तेव्हा पहिलीतला माझा सर्वांत बोलका विद्यार्थी मराठीतल्या आपल्या पहिल्या वाक्याशी झटत होता. त्याची घरची भाषा एक, मराठी दुसरी, इंग्रजी पहिलीपासून आहेच, आणि गुजरातेत ऊसतोडीला बापाबरोबर जाऊन आलेला असल्यामुळे गुजरातीत हिशेब आणि हिंदीत शिव्या त्याला तोंडपाठ. तिसरी भाषा नेमकी कोणती धरायची, हे त्यालाच विचारायला हवं होतं. मराठीत विचारलं असतं तर मात्र अडचण होती.

त्या वर्षी प्रत्यक्ष प्रवेशोत्सवाच्या दिवशी बैलगाडीचा विषय ढोलाने मिटवला. प्रभातफेरीसाठी आम्ही घोषणा लिहून, फलक रंगवून तयार होतो. ढोलवाला आला, त्याने टिपरू मारलं, आणि फलक धरलेली चौथीची पोरं फलकासकट गोल धरून नाचायला लागली. नवागत बापांच्या खांद्यांवर होते, तेही बापांबरोबर नाचले. शिक्षणाचं महत्त्व सांगणाऱ्या घोषणा मी एकटा देत होतो. शाळेच्या दारात पावलांचा ठसा घ्यायचा होता: परातीत कुंकवाचं पाणी, शेजारी पांढरा कागद, पोराने त्यात पाय बुडवून पाऊल टाकायचं. पण रात्री पाऊस झाला होता. पहिलं पोर परातीपर्यंत यायच्या आधीच व्हरांड्यावर, तोरणाखाली, रांगोळीवर आणि नव्या पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्यावर अशी बोटांसकट स्वच्छ पावलं उमटली होती की कुंकू नुसतं शोभेला राहिलं. फुगे वाटले. पहिला फुगा फुटला तसे दोन नवागत भेदरून जे पळाले ते थेट नाल्यापलीकडे. त्यांचं स्वागत आम्ही दुपारी, त्यांच्या घरी जाऊन केलं.

शिऱ्यावर एकमत होतं. स्वयंपाकी ताईंनी तो इतका सैल हाताने केला की नवागत, जुने, आया, ढोलवाला आणि जीपचा ड्रायव्हर यांना पुरून उरला. ड्रायव्हर खालचा. येताना त्याने "काय चाली ऱ्हायनं, सर?" असं विचारलं होतं, दुसरी वाटी संपवताना प्रवेशोत्सव दर सोमवारी ठेवायला हरकत नाही, असं त्याचं मत पडलं. त्या वर्षी पहिल्या दिवशी मंत्री-आमदार-अधिकाऱ्यांनी शाळांना भेटी द्यायच्या होत्या. आमच्यासाठीही कोणी येणार, असा निरोप होता म्हणून एक गुलाब (प्लास्टिकचा) आणि एक खुर्ची राखून ठेवली. चांदसैली घाटात पावसाळ्यात दगड खाली येतात, साहेब वर येत नाहीत. यात दोष कोणाचाच नाही. खुर्चीवर आमचुराची राखण करणारी आजी बसली आणि गुलाब तिने केसात खोवला. जिओ-टॅग केलेल्या फोटोत मान्यवर म्हणून तीच दिसते. रेंजसाठी शाळेमागच्या टेकडीवर चढून मी तो पाठवला. वरून 'छान' असा अंगठा आला.

सगळे पांगल्यावर पाड्याचे कारभारी राहिले. त्यांचा नातू पहिलीचा, नाव अजून नोंदवायचं होतं. दाखल-खारीज रजिस्टर उघडून मी बसलो. ते पायरीवर टेकले, विडी पेटवली नाही, नुसती हातात धरली.

"तू किती वर्षं?"

"बेचाळीस."

"वय नाही. इथे किती वर्षं?"

आमचा तालुका खात्याच्या लेखी अवघड क्षेत्र. इथे ठरावीक वर्षं काढली की बदलीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, आणि तो कोणी भरला नाही असं सहसा होत नाही. कारभाऱ्यांना ऑनलाइन कळत नाही; बदली फार चांगली कळते. आधीचे गुरुजी किती पावसाळे राहिले, त्यांच्या आधीच्या बाई कोणत्या होळीला खाली गेल्या, हे त्यांनी मला क्रमवार सांगितलं. माझ्या सेवापुस्तकात नसेल एवढी नोंद त्यांच्याकडे होती.

"पोरगा चौथीला जाईपर्यंत राहशील?"

मी लगेच हो म्हटलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. पट, पोर्टल, घरचे, शहाद्याचा प्लॉट, सगळं डोक्यातून एकदा फिरलं. मग म्हटलं, "राहतो."

"मग लिही नाव," ते उठत म्हणाले. "दर वेळी नवा गुरजी येतो, त्याला आमचं बोलणं शिकवण्यात पोरांचं वर्ष वाया जातं."